टिंबाकडे लक्ष ठेव

रविवार, २१ जुलै १९६३. सकाळचे सहा. घरात हजर: मी, माझी लेक शालन, बाळंतपणाला माहेरी आलेली, आठवा महिना सरत आलेला, कामाला येणारी जानकी, चुलीपाशी, शेजारचा बाबी सुतार, कालच्या जेवणाची मोठी भांडी परत न्यायला आलेला. माजघराच्या कोपऱ्यात मातीचं मडकं, त्यात सापाची अकरा अंडी. त्यांतली जिवंत किती, ठाऊक नाही.

दिगू, पाचवं नाव ओठांवर आलं होतं. ते गिळलं.

काल तुझं तेरावं झालं. भाऊ गेल्यावर बहिणीने रडावं, मी याद्या केल्या. आणायचं सामान, बोलवायची माणसं, कोणाला कधी जेवायला बसवायचं. तू असतास तर हसला असतास. "आक्के, तू मेलंस तरी वर जावन हजेरी घेतलंस," असं तू दर गणपतीला म्हणायचास. वीस वर्षं दवाखान्यात नर्स म्हणून काढली. तिथे लिहिलं नाही ते घडलं नाही, असं धरतात. म्हणून आज हे लिहिते आहे, तुझ्याच वहीच्या मागच्या पानांवर. मला भीती वाटते, आणि ती कशाची ते ओळीने मांडल्याशिवाय माझा हात कामाला लागणार नाही.

पहिली भीती जुनीच. ही अंडी कोणाची?

मे महिन्याच्या चोविसाव्या तारखेला बाबी माड लावायला बांधाजवळची माती खणत होता. कुदळीखालून अंडी निघाली. अकरा, पांढरी, लांबट, चामड्यासारखी. आई दिसली नाही. बाबीने ती जाळायला रॉकेलची बाटली मागवली आणि ते ऐकून तू बांधावर धावत गेलास, मास्तरकीचे कपडे अंगावर, पायांत काही नाही. अंडी सुपात घालून घरी आणलीस. प्रत्येक अंडं उचलण्याआधी त्याच्या वरच्या बाजूला कोळशाचं टिंब लावलंस. बाबी मागून ओरडत आला, "मास्तरानु, बारसां कधी ता सांगा! पेढे घेवन येतंय!" आणि जानकी दारातूनच म्हणाली, "येळार लगीन केल्यानी असता तर ह्यां सुचला नसतां."

सगळे हसले. मी नाही हसले. शालन आठ दिवसांनी यायची होती.

"ही नागाची आसत," मी म्हणाले.

"कशावरून?"

तुझा तो शब्द. वर्गातली मुलं तुला पाठीमागे 'कशावरून मास्तर' म्हणायची, तुला ठाऊक होतं आणि आवडायचं.

"मग नागाची नसत, ह्यां कशावरून?" मी विचारलं.

"फुटल्याशिवाय कळाचां नाय."

"आणि फुटल्यार नागाची निघाली तर?"

"तर कळात," तू म्हणालास. आणि मडक्यात वाळू आणि पालापाचोळ्याची कुजकी माती घालायला लागलास.

हे भांडण आपण दीड महिना भांडलो, जेवताना, विहिरीवर, शालनच्या डोक्याला तेल घालताना. त्याचा शेवट झाला नाही. तुझं म्हणणं मला पाठ आहे. आपल्या गावात चावतात ती जास्त करून घोणस आणि फुरसं, पण ती दोन्ही अंडी घालत नाहीत, थेट पिल्लं घालतात. शेतात अंडी सापडतात ती बहुतेक धामणीची, दिवडाची. लोक ती नागाची म्हणून जाळतात. मग उंदीर वाढतात आणि भाताची कणगी फोडतात. एकदा, फक्त एकदा, गावासमोर अंडी फुटून बिनविषारी पिल्लं निघाली की पुढच्या वेळी रॉकेल ओतण्याआधी एखादा तरी थांबेल. तुला एवढंच हवं होतं. चार वर्षं तू एवढंच मागत होतास.

माझं म्हणणं एका वाक्यात संपायचं: नागाचं पिल्लू अंड्यातून बाहेर आल्याबरोबर विषारी असतं, आणि माझी लेक पोटुशी आहे. विषावरचं इंजेक्शन आमच्या दवाखान्यात नाही. ते मालवणला. मधे खाडी, ती ओलांडायला तर, म्हणजे होडी, आणि पावसात ती कधी सुटेल ते तरीवाल्यालाही सांगता येत नाही. साप चावलेली तीन माणसं मी त्या तरीची वाट पाहताना गेलेली पाहिली आहेत. तू त्या प्रत्येकाच्या घरी जाऊन विचारून आलास, साप कसा होता, केवढा होता. मला त्याचा राग यायचा. आता वाटतं, त्या घरांत पुन्हा गेलेला तू एकटाच.

दुसरी भीती मी कोणालाच सांगितलेली नाही. तुलाही नाही. तीच सांगायला बसले आहे.

तुझ्या वहीत चार वर्षांची चार पानं आहेत. पहिल्या पानावर नऊ अंडी, सगळी पिचकून सुकली. खाली तू लिहिलंस, 'कारण: ओल कमी.' दुसऱ्या वर्षी सात. त्यांवर हिरवी बुरशी आली, घरभर वास सुटला, जानकी दोन दिवस कामाला आली नाही. 'कारण: ओल जास्त, झाकण घट्ट.' तिसऱ्या वर्षी, म्हणजे गेल्या वर्षी, चौदा. तेव्हा तुला ओल जमली होती. झाकणाऐवजी धुतलेलं फडकं बांधलंस. मुंग्या लागू नयेत म्हणून मडकं पाण्याच्या परातीत ठेवलंस. आणि पहिल्यांदाच प्रत्येक अंड्याला कोळशाचं टिंब लावलंस.

मग तुला रत्नागिरीला शिक्षकांच्या वर्गाला जावं लागलं. बावीस दिवस. निघताना छत्री काखेत, पिशवी खांद्यावर, आणि तू उंबऱ्यावरून वळून म्हणालास, "ओल बघ, मुंग्यो बघ. आणि टिंबाकडे लक्ष ठेव गो."

दिगू, मी कोंबड्या बसवत मोठी झाले. आपली आईही बसवायची. खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवताना त्यांवर कोळशाने खूण करायची, म्हणजे दुसरी कोंबडी मधेच घालून गेली तर कळतं. आणि कोंबडी अंड्यावरून उठली, नीट बसेना, तर तिचं काम आपण करायचं. अंडी सकाळी एका अंगावर, संध्याकाळी दुसऱ्या. खूण वर, खूण खाली. नाहीतर पिल्लू कवचाला चिकटून मरतं. हे मला कोणी शिकवलं नाही. आईचा हात फिरताना बघितला होता.

टिंबाकडे लक्ष ठेव, तू म्हणालास. मी ठेवलं.

सकाळी टिंब वर, संध्याकाळी टिंब खाली. बावीस दिवस, चव्वेचाळीस वेळा. एकदाही चुकले नाही. माझ्या वहीत चव्वेचाळीस खुणा आहेत, सगळ्या एका मापाच्या. मला सापाची शिसारी आहे, हे तुला माहीत होतं. पहिल्या दिवशी मी फडक्याने हात गुंडाळला होता. नंतर नुसत्या बोटांनी फिरवायला लागले. अंडी गार नसायची. हाताला जिवंत लागायची. तुझ्यासाठी मी ते केलं आणि मला त्याचा अभिमान वाटत होता.

तू आलास तो सकाळच्या वेळी. चपलाही न काढता फडकं सोडलंस. चौदाच्या चौदा टिंबं वर. तू असा खूश झालास की माझे दोन्ही खांदे धरून मला हलवलंस.

"वा गो आक्के! एक पण हललेलां नाय! माका हीच धास्ती होती."

"हललां तर काय होता?" मी विचारलं.

"माका वाटता मरता. कोंबडी आपली अंडी फिरवता. जनावर कधी फिरवता काय? एकदा घातली की तशीच. आतलो जीव वरच्या अंगाक धरून रवता. म्हणून तां टिंब."

तेव्हाच सांगायला हवं होतं. तू चहा मागितलास. मी चहा करायला गेले.

पुढे श्रावणात अंड्यांना रंग चढला, मऊ पडली. तू माझीच कात्री घेऊन एकेक कापलंस. आत अर्धी वाढलेली पिल्लं, डोळ्यांचे काळे ठिपके दिसणारी. इतकी अपुरी की कोणाची तेही ओळखता येईना. मी दिवा धरून उभी होते. "सगळां बरोबर होतां. मग हुकलां खंय?" तू कितीदा म्हणालास. चुलीची धग असेल, मातीत चुना असेल, रत्नागिरीच्या कोणा माहीतगाराला पत्र लिहू. त्या पानावर 'कारण' असं लिहिलंस, दोन टिंबं दिलीस, आणि पुढची जागा मोकळी सोडलीस. वर्षभर तू तिथे काही लिहिलं नाहीस. तुझ्या शेजारी बसून मी तांदूळ निवडत होते आणि ते कारण माझ्या वहीत होतं.

त्याच श्रावणात कणकवलीहून, शालनच्या सासरहून, निरोप आला. तिला चौथा महिना होता, गर्भ पडला.

नर्स म्हणून मला अशा दहा बायका ठाऊक आहेत. कारणं असतात, कधी कारण नसतंही. दुसऱ्या कोणाला मी हेच सांगितलं असतं आणि आजही सांगेन. पण जानकी भांडी घासता घासता सहज बोलून गेली, "जनावराची पोरां मारली की घराक लागतां. तीन वर्सां मरतत. कोणाच्या हातान मरतत, तां त्येंका म्हायत असतां." ती तुझ्याविषयी बोलत होती. मी हातातला तांब्या खाली ठेवला आणि तांब्याकडेच बघत राहिले.

या खेपेला शालन आल्यापासून मी तिला झोपल्या झोपल्या कूस बदलू देत नाही. आधी उठून बस, मग वळ. नाळ गुंडाळते म्हणतात. दवाखान्यात हे बोलणाऱ्या सासवांना मी दटावत आले आहे. आणि घरात पहाटे तिची चटई कुरकुरली की मी इथून ओरडते, "शालन, उठून!"

आता आठ जुलैचं लिहिते. सोमवार, मडक्याचा शेहेचाळिसावा दिवस. मडकं तेव्हा ओसरीवर होतं, आतल्या भिंतीला लागून. सकाळी तू फडकं सोडलंस, वाकून बघितलंस, वाळूच्या कडेने दोन ओंजळी पाणी घातलंस. "एक पण पिचकूक नाय, आक्के. अकराय बरे आसत." मग फडकं बांधलंस. तुझी ती गाठ, होडीवाल्यासारखी, एक टोक ओढलं की सुटणारी. शाळेत गेलास. दहाच्या सुमाराला परत आलास, छातीवर हात, तोंड पांढरं. ओसरीवरच आडवा झालास. डॉक्टर पलीकडच्या तीरावर होते. तुझी नाडी माझ्या बोटांखाली होती. ती कशी थांबली ते मी लिहिणार नाही. दुसरीच एक गोष्ट लिहायची आहे. नाडी थांबली, आणि मी पहिल्यांदा मडक्याकडे बघितलं. फडकं बांधलेलं होतं. मग तुझ्याकडे.

लोक जमले. जो तो एकच विचारत होता, "खंय चावलां?" मी सांगत होते, छातीची कळ आली. ते मान डोलवत होते आणि तुझ्या पायांकडे बघत होते. तुला न्हाऊ घालण्याआधी मी पुरुषांना बाहेर काढलं. नर्स म्हणून. तुझी बोटं एकेक तपासली, हाताची, पायाची, दोन बोटांमधल्या बेचक्या, टाचा, कानांच्या मागे. काही नव्हतं. पुन्हा पहिल्यापासून तपासलं. काही नव्हतं. दिगू, मला ठाऊक होतं काही नसणार. तरी दोनदा बघितलं.

आणि कालपर्यंत मला एवढंच वाटत होतं, मडकं तू ठेवलंस तिथेच राहिलं असतं तर बरं झालं असतं. ते माजघरात कोणी आणलं ते गर्दीत कळलं नव्हतं. काल पंगत उठल्यावर मी सगळ्यांसमोर विषय काढला. मडक्याचं काय करायचं? शालन म्हणाली, "आई, जाळून टाकूया. माका झोप लागणा नाय." जानकीने दोन्ही कानांवर हात ठेवले. "जाळूक नको गो बाये, चार दिवसांनी नागपंचमी! लोका ह्या दिवसांत जमीन खणनत नाय, आणि तू जाळतंस?" पुरायचं, तर जिवंत पुरायचं. रानात नेऊन ठेवायचं, तर दोघांनी धरून, न हिंदकळता न्यायला हवं. मी बाबीकडे बघितलं.

"मी त्या मडक्याक परत हात लावचंय नाय," बाबी म्हणाला.

"परत म्हणजे?"

तो खाली बघायला लागला. "मास्तरांका ठेवक जागा होयी होती. घाई होती. मीच तां भितूर सरकवलंय. पायरेर अडाकलां."

"कलंडलां?"

"जरासां."

"जरासां म्हणजे कितकां रे बाबी? हातान दाखय."

त्याने हात आडवा धरला, मग थोडा वर केला, मग पुन्हा आडवा. "आठवणा नाय, बाय. लगेच सरळ केलंय."

तेव्हापासून मला बसवत नाही. आज एकोणसाठावा दिवस. तू म्हणायचास साठ ते सत्तर. पण सापडली तो आपला पहिला दिवस, घातली कधी ते घालणारीलाच ठाऊक. म्हणजे आजही फुटतील. तू गेल्यापासून मी फडकं सोडलेलं नाही. वरूनच पाणी शिंपडते. फडकं सोडलं आणि टिंबं इकडे-तिकडे झालेली दिसली, तर अकराही गेली, चौथं वर्ष, आणि शालनला नववा लागतो आहे. टिंबं वर दिसली, तर अकरा जीव आहेत, आणि ते कोणाचे हे सांगणारा कोणी नाही. कुठलं व्हावं म्हणून देवाला हात जोडू, ते मला ठरवता येत नाही. जोडलेले हात तसेच सोडून कामाला लागते.

एक गोष्ट मात्र सकाळी केली. तुझं तिसरं पान काढलं. 'कारण' पुढच्या मोकळ्या जागेत लिहिलं: 'अंडी रोज दोन वेळा फिरवली गेली. बावीस दिवस. फिरवणारी आक्का. निरोप नीट समजला नाही.' शाई वाळेपर्यंत फुंकर घालत होते, तर शालन मागे उभी. कधी आली कळलं नाही. तिने वाचलं, पुन्हा वाचलं.

"म्हणून माका सरळ कूस बदलूक देत नाय होतंस?"

मी दौतीचं बूच लावलं.

"मामाक सांगूक होयां होतां गो," ती म्हणाली. "तो काय म्हणालो असतो म्हायत हा? 'कशावरून?' म्हणालो असतो. आणि मगे तुझी ती खुणांची वही मागून घेतली असती. वर्गात दाखवक."

हे खरं आहे, दिगू. तू रागावला नसतास. तुला कारण मिळालं असतं. मी शालन सहा वर्षांची असताना विधवा झाले आणि तू देवगडची नोकरी सोडून इथे आलास. कधी एका शब्दाने ते बोलून दाखवलं नाहीस. तिला अक्षरं शिकवलीस, पोहायला शिकवलंस, साप दिसला तर पळायचं नाही, उभं राहायचं, हे शिकवलंस. त्या बदल्यात तू माझ्याकडे एक काम सोपवलंस, टिंबाकडे बघत राहायचं. ते मी जिवापाड केलं आणि उलटं केलं. मग वर्षभर तुला एका वाक्याचा उजेडही दिला नाही. मला शापाची भीती वाटते की या गप्पपणाची, हे आता वेगळं करता येत नाही.

आजची कामं. बाबीला भांडी परत देणं: झालं, तो घेऊन गेला. शालनला बाबीच्या घरी पोचवणं: झालं, त्याची बायको तिला धरून घेऊन गेली, चिखलातून सावकाश. जाताना शालनने अंगणातून विचारलं, "आई, तू येवचंस नाय?" मी म्हटलं, मागून येते. दाराखालच्या फटी पोत्याने बुजवणं: झालं. पत्र्याची बादली आणि जड झाकण: आणून ठेवलं. तुझा लांब चिमटा: गरम पाण्याने धुतला. उद्या मालवणला जायची तर सुटणार का, हे विचारायला जानकीला धक्क्यावर पाठवणं: गेली. कोऱ्या पानावर तारीख, आणि खाली तुझ्यासारखी दोन घरं आखणं, 'टिंब वर' आणि 'टिंब हललेलं': आखली.

आता घरात हजर मी एकटी, आणि मडकं. मी समोर बसले आहे. वाळू सरकल्यासारखं काही ऐकू येतं, मग येत नाही. फडक्याचं टोक माझ्या बाजूला आहे. ओढलं की सुटेल. गाठ तुझ्या हातची आहे, घरात उरलेली शेवटची.

फडकं सोडून टिंबं बघणं: राहिलं आहे.